तेरा किलो

शाहूपुरीत, गुळाच्या पेठेत,
तीस वर्षं काटे दुरुस्त करतोय मी.
ढेप चढली की पारडं कुठं अडतं,
कुठं खोटं बोलतं,
ते कानानंही कळतं आता.
आणि पन्नाशी उलटल्यावर हा नवा उद्योग:
पाठीवर हवेची पिशवी बांधून
मालवणच्या समुद्रात खाली जायचं.

पाठीची पोलादी पाटी उद्यमनगरात झाली.
दस्तगीर मिस्त्रीनं कापली, घासली, कडा मोडल्या,
वर विचारलं, "हे घालून बुडायचं का तरंगायचं?"
"दोन्ही न्हाई," म्हटलं.
तो हसला. पैसे मात्र पुरते घेतले.

राहिली पिशवी. तिला विंग म्हणतात.
एक असते घोड्याच्या नालेसारखी, खाली उघडी;
हवा एका बाजूला गेली की तिथंच रुसून बसते.
दुसरी गोल, बंद, थेट चुंबळ.
हवा तिच्यात वाट काढत फिरते.
हे ठरवायला पानाला चुना लावण्याएवढाही वेळ लागला नाही.

वेळ लागला तो आकड्याला.
जयसिंग म्हणाला, "सत्तावीस किलोची घे भावा,
जास्त असलेलं कधी वाईट असतंय व्हय?"
जयसिंग लग्नात जेवायलाही असाच बसतो.

मी पावतीपुस्तकाच्या पाठीवर मांडलं:
टाकीत भरलेल्या हवेचं वजन, अडीच किलो
(हवेला वजन असतं हे पेठेत बोलायचं नाही,
उद्या बिलात लावतील).
रबरी सूट खोलवर दबतो, तीन किलोचं तरंगणं गमावतो.
वर आल्यावर डोकं पाण्याबाहेर राहावं, त्याचे चार.
झाले साडेनऊ.
माझ्या चुकांसाठी थोडे अधिक. तेरा.
शंभर किलोच्या काट्यावर तोळा दिसत नाही,
आणि नको तेवढी मोठी पिशवी
पाण्यात पाठीवर फडफडत राहते,
दुसऱ्याच्या मापाच्या सदऱ्यासारखी.

तरी फोन हातात घेऊन अडलोच.

पुराच्या साली आंबेवाडीत
आम्ही गुऱ्हाळाची काहील नाव म्हणून फिरवत होतो.
गुळासाठी घडलेली; तिला नाळ नाही, सुकाणू नाही.
आठ माणसं बसली, काठ पाण्यावर चार बोटं उरला.
स्लॅबवर नववी उभी होती, हौसाक्का,
कोंबड्यांची पाटी घेऊन.
मी म्हटलं, पुढच्या खेपेला.
ती म्हणाली, "तुजा काटा बरोबर हाय न्हवं?"

पुढच्या खेपेला चाळीस मिनिटं लागली.
ती होती. पाणी पोटरीला,
पाटी डोक्यावर, पाटीखाली चुंबळ.
काहिलीत बसली, आधी कोंबड्या मोजल्या.
मला काही बोलली नाही.

"तेरा," मी दुकानदाराला सांगितलं,
आणि फोन ठेवून पुन्हा बेरीज केली.

पार्सल आलं त्या रविवारी
वडणग्याला जयसिंगच्या विहिरीवर गेलो.
तेरा छापलंय म्हणून तेरा मानायला
मी काही काल पेठेत आलेलो नाही.
सरकारी शिक्क्याची वजनं नेली, एकेक किलोची.
लोखंड पाण्यात सातवा-आठवा हिस्सा सोडून देतं,
म्हणून तेरा नाही, पंधरा टांगली.
पिशवी फुगवून सोडली.
थरथरली. काठापर्यंत भिजली. राहिली.

मग सोळावं लावलं.
ती क्षणभर थांबली, आठवतंय का बघितल्यासारखी,
आणि आवाज न करता खाली गेली.

"बुडाली की रं!" जयसिंग कठड्यावरून ओरडला.
"बुडणारच. बरोबर हाय ती."

दोर माझ्या हातात होता, ताणलेला.
ओढायच्या आधी मी जरा वेळ
नुसता धरून उभा राहिलो.